शितावरून भात

जुलैत कणकुंबीला पाऊस पडत नाही, मुक्कामाला असतो. बेळगावहून जांबोटीमार्गे निघालेला रस्ता इथून चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हा सगळा डोंगर दोन्ही समुद्रांकडे पाणी पाठवतो. पूर्वेच्या उतारावरचा थेंब मलप्रभेतून सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जातो, तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना किंवा पुढे कूडलसंगमला कृष्णेत. पश्चिमेच्या उतारावरचा थेंब म्हादईत पडतो, मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्राला मिळतो. या पाण्याचा हिशेब फार काटेकोर आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला दिलेला वाटा १३.४२ टीएमसी. किती पाणी कुणाचं, हे आपण दशांशापर्यंत भांडून ठरवतो. त्या पाण्यासोबत आभाळातून काय आलं आणि त्यातलं किती नाचणीत, दुधात, अळंब्यांत उतरलं, याची नोंद ठेवावी, असं मात्र या डोंगरात कुणी कुणाकडे मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

ही मागणी पहिल्यांदा विचित्र वाटेल. कणकुंबीचा आणि अणुधुळीचा काय संबंध? कैगाची अणुभट्टी इथून हवाई अंतराने शंभरेक किलोमीटर दक्षिणेला. पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे कैगाची हवा त्या दिवसांत या गावाकडे सहसा वळायची नाही. हे आधीच सांगतो, कारण मला कुणाला घाबरवायचं नाही. माझा मुद्दा अपघाताचा नाही, मोजणीचा आहे. आणि मोजणीबद्दल बोलायचं तर सुरुवात मुंबईतल्या एका लोण्यापासून करावी लागते.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. जगाला कळलं दोन दिवसांनी, तेही स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सारी धूळ सापडली म्हणून. पुढच्या काही आठवड्यांत ती धूळ युरोपभर पावसासोबत उतरली, गवतावर बसली, गाईंच्या पोटात गेली. ३० मे १९८६ ला युरोपीय समुदायाने बाहेरून येणाऱ्या मालासाठी मर्यादा घातली: दूध, दुधाचे पदार्थ आणि बाळांच्या अन्नात किरणोत्सारी सीझियम किलोमागे ३७० बेकरेल, बाकी अन्नात ६००. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं.

त्याच काळात ऑपरेशन फ्लड या दूधविकास योजनेसाठी युरोपीय समुदायाकडून आपल्याकडे दूध पावडर आणि लोणी मदत म्हणून येत होतं. त्यातलं २०० टन लोणी आयर्लंडचं होतं. ते मुंबईकरांना विकू नये म्हणून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काहींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. उच्च न्यायालयाने ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने तीन जणांची समिती नेमली: एम. जी. के. मेनन, पी. के. अय्यंगार आणि जी. व्ही. के. राव. समितीला एकच प्रश्न विचारला गेला. अणुऊर्जा नियामक मंडळाने २७ ऑगस्ट १९८७ रोजी ठरवलेल्या मर्यादेच्या आत मानवनिर्मित किरणोत्सारी द्रव्यं असलेलं दूध, दुधाचे पदार्थ आणि इतर अन्न माणसाला निर्धोक आहे का? समितीचं एकमुखी उत्तर होतं, आहे. १९८८ मध्ये निकाल लागला आणि याचिका संपली.

मी त्या उत्तराशी वाद घालणार नाही. लोण्याच्या बाबतीत तर ते पटण्यासारखंच आहे. सीझियम पाण्याच्या अंशासोबत जातं, स्निग्धांशाशी त्याची सोयरीक नाही. दूध घुसळलं की ते ताकात राहतं, लोण्यात फार थोडं येतं. ताक करणाऱ्या कुठल्याही घराला हे सांगितलं असतं तर दोन मिनिटांत समजलं असतं. उलट दूध पावडरीत पाणी उडून जातं आणि सीझियम मागे राहतं, म्हणून किलोमागे आकडा वाढतो. लोण्यापेक्षा पावडरीकडे लक्ष हवं होतं.

मला खटकतो तो समितीपुढचा प्रश्न. 'मर्यादा निर्धोक आहे का' हा तज्ज्ञांचा प्रश्न झाला. खाणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: माझ्यापर्यंत आलेल्या मालातलं कुठलं पाकीट तपासलं, किती तपासली, कुणी, आणि तो कागद मला कुठे बघायला मिळेल? मर्यादेला विज्ञानाचा शिक्का लागला म्हणजे मोजणीला लागला असं होत नाही. शिवाय अय्यंगार तेव्हा भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक होते. त्यांच्या विद्वत्तेबद्दल किंवा सचोटीबद्दल मला शंका नाही. पण मर्यादा ठरवणारा, मोजणारा आणि ती मर्यादा योग्य आहे असं सांगणारा, हे तिघे एकाच छपराखालचे असले की खरं उत्तरसुद्धा लोकांच्या गळी उतरत नाही. कॅगने २०१२ च्या अहवालात नियामक मंडळाच्या स्वायत्ततेबद्दल जे आक्षेप नोंदवले, त्यांचं मूळ हेच.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. नमुना घेण्याचं सारं शास्त्र या एका म्हणीत आहे, आणि त्याची मर्यादाही. शीत दाबून भात शिजला की नाही हे कळतं, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर असतो. किरणोत्सारी धुळीचा भात एका भांड्यात शिजत नाही. ती पाऊस पडेल तिथे पडते. मधला डोंगर कोरडा राहिला तर तो स्वच्छ, पलीकडचा भिजला तर त्याच्या गवतात सीझियम. त्यामुळे शीत कुठल्या भांड्यातून उचललं, हा प्रश्न तपासणीच्या यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

याचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियाच्या डोंगरांत आहे. त्या डोंगरांचं वर्णन वाचताना मला दर वेळी कणकुंबीचा खानापूर तालुका डोळ्यांपुढे येतो: भरपूर पाऊस, आम्ल माती, उतारावर चरणारी जनावरं आणि दूरच्या राजधानीतून येणारे हुकूम. चेर्नोबिलपासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. पण मे १९८६ च्या पहिल्या आठवड्यात तिथे नेमका जोराचा पाऊस झाला. जूनमध्ये सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि काही आठवड्यांत सगळं निवळेल असं सांगितलं. हिशेब होता सीझियमला घट्ट धरून ठेवणाऱ्या चिकणमातीचा. डोंगरावरची माती मात्र दलदलीची, सेंद्रिय, आम्ल. ती सीझियमला धरून ठेवत नाही. गवत ते वर घेतं, मेंढी खाते, लेंडीतून परत टाकते, पुन्हा गवत. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. काही आठवड्यांची २६ वर्षं झाली.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्या मेंढपाळांशी बोलून जे लिहिलं, ते मला या विषयावरचं सर्वांत मोलाचं लेखन वाटतं. मेंढपाळांची तक्रार विज्ञानाविरुद्ध नव्हती. आपल्या डोंगराबद्दल आपल्याला काय माहीत आहे हे कुणी विचारलंच नाही, ही तक्रार होती. आणि त्यांना आणखी एक गोष्ट सलत होती. विंडस्केलची अणुभट्टी त्याच भागात. १० ऑक्टोबर १९५७ ला तिथे आग लागली होती आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. मग आज मेंढीत सापडलेलं सीझियम चेर्नोबिलचं की शेजारच्या भट्टीचं? सरकार म्हणालं, चेर्नोबिलचं, कारण दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून ते ओळखता येतं. नंतर कबूल करावं लागलं की त्यातला मोठा हिस्सा जुना होता, विंडस्केलचा आणि अणुचाचण्यांचा. १९८६ च्या आधी त्या डोंगरांची नीट, उघड नोंद ठेवली असती तर हा वाद एका तक्त्यावर मिटला असता.

म्हणजे नोंद अपघाताच्या आधी हवी. अपघातानंतर मोजलेला पहिला आकडा मुका असतो. तो जास्त आहे की कमी, हे सांगायला कालचा आकडा लागतो. जमाखर्चाच्या वहीत सुरुवातीची शिल्लकच लिहिली नसेल तर वर्षअखेरीला कितीही काटेकोर बेरीज करा, ती कशाची?

कैगाच्या परिसरात अशी नोंद ठेवली जाते. भाभा केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तिथे पाणी, दूध, भाजी, मासे तपासते. साधारण ३० किलोमीटरच्या वर्तुळात. प्रकल्पाच्या हिशेबाने ते ठीकच आहे. पण कंब्रिया दोन हजार किलोमीटरवर होतं. धुळीला वर्तुळ कळत नाही, तिला पाऊस कळतो. आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत कणकुंबीचं नाव आहे.

दुसरी गोष्ट इथल्या जांभ्या मातीची. ती आम्ल, पालाश कमी, आणि तिच्यातली चिकणमाती सीझियमला घट्ट पकडणाऱ्या जातीची नाही. सीझियम हा पालाशचा भाऊबंद. मातीत पालाश कमी असेल तर झाडाचं मूळ त्याच्याऐवजी सीझियम उचलतं. अळंबी तर ते गोळाच करतात. बव्हेरियाच्या जंगलातल्या रानडुकरांच्या मांसात अजूनही सीझियम सापडतं, ते बरंचसं जमिनीखालच्या कवकांमुळे. पहिल्या पावसानंतर चोर्ल्याच्या रस्त्याकडेला पानावर मांडून विकायला बसलेली अळंबी ज्याने घेतली आहेत, त्याला ही गोष्ट परकी वाटायला नको.

आणि नाचणी. १९५० च्या दशकात अणुचाचण्यांची धूळ जगभर पडत होती तेव्हा सर्वांत मोठी धास्ती स्ट्रॉन्शियम-९० ची होती. ते कॅल्शियमसारखं वागतं, हाडात जाऊन बसतं आणि निम्मं व्हायला जवळजवळ २९ वर्षं घेतं. अमेरिकेत आणि युरोपात मुलांना कॅल्शियम मुख्यतः दुधातून मिळतं, म्हणून त्यांनी दूध मोजलं. त्यात एक सोय होती: गाय गवतातलं बरंचसं स्ट्रॉन्शियम अडवते, दुधात कॅल्शियमच्या मानाने थोडंच उतरतं. पण ज्या देशांत लोक कॅल्शियम धान्यातून घेतात तिथे मध्ये गाय उभी नसते. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग परिणामविषयक समितीने १९५८ च्या पहिल्याच अहवालात भात खाणाऱ्या लोकांचा वेगळा विचार केला, तो यासाठी. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या त्या समितीत भारत पहिल्यापासून होता. आपल्या बाजूने तिथे गेलेल्यांत मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ व्ही. आर. खानोलकर होते. १९५६ मध्ये भारत सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांवर जे पुस्तक काढलं, त्याच्या कामात दौ. सिं. कोठारी आणि होमी भाभा यांच्या जोडीला तेही होते. एका गरीब, नव्या देशाने तेव्हा मोठ्या देशांना सांगितलं होतं की तुमच्या स्फोटांचा हिशेब आम्ही आमच्या ताटावरून मांडू. मला त्याचा अभिमान वाटतो.

नाचणीत तर १०० ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आंबील पिऊन वाढलेल्या पोराच्या हाडात काय गेलं, हे डब्लिनच्या किंवा मुंबईच्या दुधाच्या पाकिटावरून कळणार नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादा हव्यात, त्यांच्याशिवाय व्यापार चालणार नाही. पण त्या एका सरासरी ताटावर बेतलेल्या असतात, आणि ते ताट कणकुंबीत वाढलं जात नाही.

मर्यादा म्हणजे निसर्गाने आखलेली रेघही नव्हे. नॉर्वेत चेर्नोबिलनंतर रेनडियरच्या मांसाची मर्यादा किलोमागे ६०० वरून ६,००० बेकरेल केली, कारण नाहीतर रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांचं जगणंच बंद पडलं असतं आणि बाकीचे नॉर्वेकर ते मांस वर्षात कधीतरी खातात. जपानने फुकुशिमानंतर आधी ५०० ठेवली, मग एप्रिल २०१२ पासून १०० वर आणली, दूध आणि बाळांच्या अन्नासाठी ५०. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या मार्गदर्शक पातळीत सीझियमसाठी १,००० आहे. या सगळ्यांत कुणी खोटं बोलत नाही. कोण किती खातं, कुणाला काय परवडतं आणि किती धोका सोसायची तयारी आहे, याचा तो निर्णय असतो. असे निर्णय लोकांनी घ्यायचे असतात, आणि त्यासाठी त्यांच्या हातात आकडे लागतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आकडे दिले तर लोक घाबरतील. अनुभव उलटा आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत प्रोजेक्ट सनशाइन सुरू झाला. जगभरातून माणसांची हाडं, त्यात मेलेल्या बाळांचीही, स्ट्रॉन्शियम मोजायला गोळा केली गेली, गुप्तपणे आणि अनेकदा आईबापांना न विचारता. पुढे ते उघड झालं आणि त्याचा कलंक कायम राहिला. १९५८ च्या शेवटी सेंट लुईस शहरात दुसरी मोहीम सुरू झाली. डॉ. लुईझ राइस आणि बॅरी कॉमनर यांच्यासारख्यांनी आयांना सांगितलं, मुलांचे पडलेले दुधाचे दात आम्हाला पाठवा. दात देणाऱ्या पोराला एक बिल्ला मिळायचा. सुमारे तीन लाख दात जमले. आपल्याकडे जो दात कौलावर फेकतात, तो तिथे पाकिटात घालून पोस्टात पडत होता. मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम वाढत गेल्याचं त्यांतून दिसलं आणि ऑगस्ट १९६३ च्या चाचणीबंदी कराराच्या बाजूने लोकमत तयार होण्यात त्या दातांचा वाटा होता. द्रव्य तेच, हाडात बसणारं. पहिल्या वेळी माणूस नमुना होता, दुसऱ्या वेळी नमुना देणारा.

फुकुशिमाच्या शेतकऱ्यांनी तर शीत सोडून अख्खा भातच तपासला. २०१२ च्या हंगामापासून त्या प्रांतातलं तांदळाचं प्रत्येक पोतं, ३० किलोचं, यंत्रावरून गेलं. पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी पोत्यांत ७१ पोती १०० बेकरेलच्या वर निघाली, पुढच्या वर्षी २८, त्याच्या पुढे २ आणि २०१५ पासून एकही नाही. मधल्या काळात त्यांनी भाताला पालाशचं खत वाढवलं होतं, म्हणजे मुळं सीझियम कमी उचलतील. हे सगळं एवढ्या मोठ्या प्रमाणावर करायची शास्त्राच्या दृष्टीने गरज नव्हती असं म्हणणारे तिथेही होते, आणि ते चूक नव्हते. पुष्कळ कमी पोती तपासूनही तेच कळलं असतं. पण त्या पोत्यावरचा कागद शास्त्रासाठी नव्हताच. तो टोकियोतल्या ग्राहकासाठी होता, आणि स्वतःच्या नातवंडांना तोच तांदूळ वाढणाऱ्या शेतकऱ्यासाठी.

कणकुंबीला एक कोटी पोत्यांची गरज नाही. मला जे हवं आहे ते फार लहान आहे. दर वर्षी सुगीनंतर एक किलो नाचणी, एक किलो भात, एक लिटर दूध. जूनमध्ये एक वाटी अळंबी. मलप्रभेचं पाणी, थोडी माती. जर्मेनियमच्या शोधकयंत्राला द्रवरूप नायट्रोजनने थंड करून त्यापुढे हा नमुना काही तास ठेवला की सीझियम-१३७ आपल्या ठरलेल्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या रेघेवर दिसतं, आणि पालाशाचा निसर्गतःच असलेला किरणोत्सारी भाऊ १,४६१ वर. दोघांची गल्लत होत नाही. हे सांगणं गरजेचं आहे, कारण नाहीतर उद्या कुणीतरी साधं गायगर यंत्र घेऊन येईल आणि फणस किरणोत्सारी आहे म्हणून गावभर करेल. आहेच तो, एक ग्रॅम पालाशातून सेकंदाला ३१ अणू फुटतात, फणसाच्या गऱ्यांत किलोमागे चार ग्रॅमच्या वर पालाश असतं आणि आपल्या स्वतःच्या शरीरात चार हजारांच्या आसपास बेकरेल कायमचे आहेत. पहिल्या वर्षीचा तक्ता गावाला बहुधा हेच सांगेल, आणि ते कळणंही काही कमी नाही.

नमुना एकाने घ्यावा, मोजावा दोघांनी. भाभा केंद्राने मोजावं, आणि त्याच पिशवीतला अर्धा भाग अणुऊर्जा खात्याबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आल्मेरा या जाळ्यात १९९५ पासून निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळा हेच करतात: आधीच माहीत असलेलं मूल्य लपवून नमुना पाठवला जातो आणि प्रत्येकीचं उत्तर तपासलं जातं. देशादेशांत जो नियम चालतो तो तालुक्यात चालायला हरकत नसावी. दोन आकडे जुळले तर दोघांचीही पत वाढते. नाही जुळले तर कुठे चुकलं ते शोधता येतं, आणि तो शोध लोकांसमोर होतो.

आणि हा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कन्नडमध्ये आणि मराठीत लागावा. सीमाभागात ही दुसरी भाषा मागणं म्हणजे लगेच राजकारण होतं, ते मला माहीत आहे. पण आपल्या पोराच्या आंबिलीत काय आहे हे ज्या बाईला वाचायचं आहे, तिला ते तिच्या भाषेत वाचता आलं पाहिजे, एवढीच माझी बाजू आहे. कंब्रियाच्या मेंढपाळांना इंग्रजी येत होतं, तरी कुणी त्यांच्याशी त्यांच्या डोंगराबद्दल बोललं नव्हतं.

नमुना कुठल्या शेतातून घ्यायचा, हेही गावानेच सांगावं. कुठल्या उताराला पाणी साचतं, कुठल्या मळ्यात शेणखत पडतं आणि कुठे पिढ्यान्पिढ्या काहीच पडलं नाही, गाय कुठल्या माळावर चरते, अळंबी कुठल्या वारुळावर येतात, हे कुठल्याही प्रयोगशाळेच्या नकाशात नाही. कार्तिकात नाचणीची कणसं खुडून खळ्यावर येतात. मळणी झाली, वारा देऊन झाला की एक पायली बाजूला काढून, पिशवीवर शेताचं नाव, तारीख आणि त्या वर्षीचा पाऊस लिहून ठेवायचा.